तहहयात परवाना, अधांतरी जबाबदारी

८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले, शेतकरी रस्त्यावर उतरले, हे सगळ्यांनी पाहिले. न्हावा शेवा बंदराच्या परिसरात त्याच दिवशी दुसरी एक धावपळ चालू होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. बंदीच्या अधिसूचनेत वाटेवरच्या मालासाठी तीन सवलती होत्या. अधिसूचना निघण्याआधी जहाजावर माल चढवायला सुरुवात झाली असेल, तर तो जाईल. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टम्सकडचा अर्ज, दाखल झाले असेल, जहाज भारतीय बंदरात धक्क्याला लागलेले किंवा नांगरून उभे असेल आणि त्याला रोटेशन क्रमांक मिळालेला असेल, तरी जाईल. किंवा माल आधीच कस्टम्सच्या हवाली झालेला असेल आणि त्यांच्या यंत्रणेत तशी नोंद असेल, तर जाईल. बाकीचा माल परत.

ज्यांचे कंटेनर त्या वेळी बंदराच्या वाटेवर होते, त्या निर्यातदारांपुढे एकच प्रश्न होता: आपला माल या तिन्हींपैकी कशात बसतो? ट्रकवाल्याला ते सांगता येत नाही, बाजार समितीला सांगता येत नाही. ज्याला सांगता येते तो माणूस म्हणजे सीएचए, कस्टम हाऊस एजंट. २०१३ पासून कायदा त्याला ‘कस्टम्स ब्रोकर’ म्हणतो. बंदरावर आणि बाजारात मात्र तो अजून सीएचएच आहे. त्याने बिनचूक सांगितले तर माल जहाजावर चढतो. त्याने चुकीचे सांगितले तर कांदा कंटेनरमध्ये सडतो, वर डिटेन्शनचे भाडे अंगावर पडते.

कांद्याचेच पुढे पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. डिसेंबरमध्ये बंदी. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किंमत गेली, शुल्क निम्मे झाले. १ एप्रिल २०२५ पासून तेही शून्यावर आले. वीस महिन्यांत सहा वेळा नियम बदलले, आणि हे एकाच पिकाचे झाले. शुल्क दरपत्रकात आठ अंकी कोडांच्या हजारो ओळी आहेत. त्यांवरच्या सवलतीच्या अधिसूचना, मुक्त व्यापार करार, बीआयएस आणि अन्न सुरक्षेच्या अटी हे सारे वर्षभर हलत असते. इतक्या हलत्या जमिनीवर काम करणाऱ्या माणसाचा परवाना देशाने कसा बांधला आहे, हा प्रश्न म्हणूनच फक्त मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या कचेऱ्यांपुरता राहत नाही.

परवाना मिळवणे सोपे नाही, हे आधी मान्य करायला हवे. सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम १४६ खाली हा परवाना मिळतो आणि त्याचे तपशील ‘कस्टम्स ब्रोकर्स लायसन्सिंग रेग्युलेशन्स २०१८’ या विनियमांत आहेत. अर्जदार पदवीधर हवा. शिवाय व्यवस्थापन, लेखा, कायदा अशी एखादी व्यावसायिक पदवी हवी, नाहीतर जी कार्डावर, म्हणजे ब्रोकरच्या परीक्षा उत्तीर्ण कर्मचाऱ्याच्या ओळखपत्रावर, किमान दोन वर्षे काम केल्याचा अनुभव हवा. पाच लाखांची मालमत्ता दाखवावी लागते, लेखी परीक्षा आणि त्यानंतर तोंडी परीक्षा द्यावी लागते. ती नासीन, म्हणजे सीमाशुल्क, अप्रत्यक्ष कर आणि अमली पदार्थविषयक राष्ट्रीय अकादमी घेते. वर्गीकरण, मूल्यांकन, परतावा, गोदाम, बंदी असलेला माल, बौद्धिक संपदा, अपिले असे सगळे त्यात येते. उत्तीर्ण झाल्यावर पाच लाखांची बँक गॅरंटी किंवा तत्सम अनामत आणि बंधपत्र. एवढे झाले की परवाना.

आणि मग? मग त्याचे ज्ञान पुन्हा कुणी तपासत नाही.

पूर्वी परवाना दहा वर्षांचा असे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने नूतनीकरणाची अट काढून टाकली. परवाना तहहयात झाला. वर्षभर काम बंद राहिले तरच तो निष्क्रिय ठरतो. व्यापार सुलभ करायचा, कागद कमी करायचे, हा हेतू चांगलाच होता. दहा वर्षांनी होणारे ते नूतनीकरण म्हणजे काही ज्ञानाची कसोटी नव्हती, त्यामुळे ते गेल्याचे दुःख करण्याचे कारण नाही. चूक झाली ती वेगळीच. जुनी तपासणी काढली, तिच्या जागी नवे काहीच ठेवले नाही. २००० साली परीक्षा दिलेल्या माणसाच्या अभ्यासात जीएसटी नव्हता. २०११ चे स्वयं-मूल्यनिर्धारण नव्हते. ई-संचितवर कागद चढवणे नव्हते. २०२० मध्ये आलेले मूळ देशाच्या पुराव्याचे नियम, म्हणजे कॅरोटार, नव्हते. त्याच वर्षी देशभर लागू झालेले फेसलेस असेसमेंटही नव्हते, ज्यात न्हावा शेव्याच्या बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीच्या अर्जावर, दुसऱ्याच शहरातला अधिकारी पडद्यामागून प्रश्न विचारतो. चांगले ब्रोकर हे सगळे स्वतःच्या जोरावर शिकले, रात्री जागून शिकले. बाकीचे शिकले की नाही, हे पाहण्याचे साधन सरकारपाशी नाही.

अमेरिकेत ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. साडेचार तासांत ८० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के. तिथेही परवाना मिळाला की तो वर्षानुवर्षे चालतो, दर तीन वर्षांनी स्थिती-अहवाल द्यावा लागतो. पण २०२३ मध्ये तिथल्या सीमाशुल्क खात्याने नियम केला की वैयक्तिक परवानाधारकाने दर तीन वर्षांत ३६ तासांचे प्रशिक्षण घेतले पाहिजे. पहिल्या टप्प्याला थोडी सूट दिली. तीन वर्षांत ३६ तास म्हणजे महिन्याला एक तास. ऑस्ट्रेलियातही ब्रोकरला नियमित प्रशिक्षणाची अट आहे. आपल्याकडे सनदी लेखापालांना आणि कंपनी सचिवांना त्यांच्या संस्था दरवर्षी ठराविक तास शिकायला लावतात. मग कोट्यवधींच्या महसुलाचे पहिले आकडे ज्याच्या संगणकावर भरले जातात, त्या व्यावसायिकालाच यातून का वगळले?

शिकण्याचा प्रश्न हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा अधिक जाचक आहे, आणि तो विनियम १० च्या पोटात आहे. या विनियमात ब्रोकरची कर्तव्ये दिली आहेत. त्याने ग्राहकाचे अधिकारपत्र घ्यावे. ग्राहकाला कायदा पाळण्याचा सल्ला द्यावा, आणि तो पाळत नसेल तर उप किंवा सहायक आयुक्तांच्या कानावर घालावे. म्हणजे ज्याची फी घ्यायची, त्याच्याविषयी वेळ पडल्यास खात्याला सांगायचे. ही दुहेरी निष्ठा अवघड असली तरी अन्याय्य नाही. २०१६ मध्ये मुंबईच्या एका एजन्सीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुने निरीक्षण उचलून धरले: सीएचएने आयातदाराचे आणि कस्टम्सचे, दोघांचेही हित जपायचे असते, दोघेही त्याच्यावर विश्वास टाकतात. परवान्याला अर्थ येतो तो याच विश्वासामुळे.

अडचण सुरू होते ती १० (एन) मध्ये. ग्राहकाचा आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक, त्याची ओळख आणि तो दिलेल्या पत्त्यावर खरोखर काम करतो की नाही, हे ब्रोकरने विश्वासार्ह, स्वतंत्र आणि अस्सल कागदपत्रे, माहिती वा विदा यांच्या आधारे पडताळावे, असे ते म्हणते. वाचायला स्वच्छ. पण ‘काम करतो की नाही’ हे पडताळायचे म्हणजे किती? वीजबिल पाहायचे? गूगलवर पत्ता शोधायचा? की लुधियानाच्या गल्लीत माणूस पाठवून शटर उघडे आहे का, हे बघायचे? विनियम बोलत नाही.

या मौनाची किंमत जीएसटी आल्यानंतर कळली. निर्यातीवरच्या आयजीएसटीचा परतावा लाटण्यासाठी नावापुरत्या कंपन्या उभ्या राहिल्या. खात्याच्या जोखीम-विश्लेषण संचालनालयाने याद्या काढल्या, अधिकारी पत्त्यांवर गेले, तिथे कुणी सापडले नाही. मग त्या निर्यातदारांची शिपिंग बिले ज्यांनी भरली होती त्या ब्रोकरांवर, विशेषतः दिल्लीत, एकामागून एक कारवाया झाल्या: परवाना निलंबित, परवाना रद्द, अनामत जप्त. प्रकरणे सेस्टॅट या अपिलीय न्यायाधिकरणापुढे गेली. दिल्लीच्या पीठाने त्यांतल्या अनेक प्रकरणांत ब्रोकरांना दिलासा दिला. पीठाचे म्हणणे सरळ होते. कोड सरकारने दिला, जीएसटी नोंदणी सरकारने दिली. ते कागद खरे आहेत हे ब्रोकरने पाहिले, तर त्यावर विसंबण्याचा त्याला हक्क आहे. प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघण्याची सक्ती विनियमात नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये एका कार्गो कंपनीच्या प्रकरणात म्हटले होते की सीएचए हा व्यवहाराचा खरेखोटेपणा तोलणारा निरीक्षक नव्हे, तो कागदपत्रांचे काम पाहणारा मध्यस्थ आहे.

म्हणजे एकीकडे तो दोघांचा विश्वस्त, दुसरीकडे कागद पुढे सरकवणारा मध्यस्थ. दोन्ही वचने न्यायपीठावरूनच आली आहेत आणि आपापल्या प्रकरणात दोन्ही बरोबर असू शकतात. पण सकाळी दहाला कचेरी उघडून नव्या ग्राहकाचे केवायसी हातात घेणाऱ्या ब्रोकरने यांतले कोणते धरून चालायचे?

खाते कडक का होते, हेही समजून घेतले पाहिजे. ऑगस्ट २०२० मध्ये न्हावा शेव्याला १९१ किलो हेरॉइन पकडले गेले. बांबूसारख्या रंगवलेल्या प्लास्टिकच्या नळ्यांत ते भरलेले होते आणि कागदावर माल आयुर्वेदिक औषधाचा होता. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत कस्टम्स एजंटही होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडले. कागदोपत्री ते अफगाणिस्तानातले टाल्क दगड होते आणि आयात करणाऱ्या कंपनीचा पत्ता होता विजयवाड्यातले एक राहते घर. अशा घटनांनंतर ब्रोकरने डोळे उघडे ठेवावेत ही अपेक्षा रास्तच आहे. कधी व्यापारात नसलेली कंपनी अचानक दूरच्या बंदरातून अपरिचित माल मागवते, तेव्हा पहिली शंका त्यालाच यायला हवी. पण तो आयात-निर्यात कोड आज ऑनलाइन मिळतो, पॅन क्रमांकच कोड असतो, आणि तो देण्याआधी सरकारचा माणूस त्या घराचे दार ठोठावत नाही. सरकारने जे पाहिले नाही ते ब्रोकरने पाहावे असे ठरवायचे असेल, तर खुशाल ठरवा. पण तसे लिहून ठरवा, आणि कोणत्या मालासाठी, कोणत्या ग्राहकासाठी, किती खोलवर, हेही सांगा.

आणखी एक गोष्ट या चर्चेत नेहमी सुटते. बऱ्याच वेळा ब्रोकर आपल्या ग्राहकाला भेटलेलाच नसतो. काम येते फ्रेट फॉरवर्डरकडून. तो जहाजावर जागा धरतो, ट्रक लावतो, भाडे ठरवतो, आणि कस्टम्सचे काम ओळखीच्या ब्रोकरकडे सोपवतो. फॉरवर्डरला ना ही परीक्षा द्यावी लागते ना पाच लाखांची अनामत. व्हॉट्सअॅपवर इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट येते, चेकलिस्ट त्याच वाटेने परत जाते, ‘ओके’ आला की बिल फाइल होते. माल अडकला की साखळीत परवाना एकट्या ब्रोकरचाच असतो, म्हणून हातही त्याच्यावरच पडतो. याच वाटेने परवाना भाड्याने देण्याचा धंदाही वाढतो. परवाना विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, असे विनियम बजावतात, तरी ‘नाव त्याचे, काम ह्याचे’ ही व्यवस्था बंदरावर कुणाला नवी नाही. जे ब्रोकर असे करतात त्यांची गय करू नये. प्रामाणिक ब्रोकरचे नुकसान खात्यापेक्षा हेच लोक जास्त करतात. फी पाडतात आणि संशय सगळ्यांच्या वाट्याला आणतात.

आता शिक्षेकडे. विनियम १८ खाली दंड जास्तीत जास्त ५० हजार. विनियम १४ खाली अनामत जप्त करता येते आणि परवाना रद्द करता येतो. एका टोकाला अशी रक्कम की मोठ्या फर्मला ती जाणवणारही नाही, दुसऱ्या टोकाला धंद्याचा शेवट. मधल्या पायऱ्या जवळजवळ नाहीतच. ठरावीक मुदतीची बंदी ही शिक्षा म्हणून नाही, सक्तीचे प्रशिक्षण नाही, ठराविक काळ देखरेखीखाली काम करण्याची अट नाही. जे निलंबन आहे ते चौकशीच्या आधीचे आहे. विनियम १६ प्रमाणे तातडीची गरज असेल तर आयुक्त परवाना निलंबित करतात, पंधरा दिवसांत म्हणणे ऐकतात आणि त्यानंतरच्या पंधरा दिवसांत आदेश देतात. निलंबन कायम राहिले की पुढे विनियम १७ ची वाट: ९० दिवसांत नोटीस, ९० दिवसांत चौकशी अहवाल, ९० दिवसांत अंतिम आदेश. सगळे वेळेवर झाले तरी नऊ महिने जातात. नऊ महिने बिल भरता आले नाही तर ग्राहक थांबत नाहीत. निर्दोष सुटलेल्या ब्रोकरच्या हाती शेवटी परवाना उरतो, धंदा उरत नाही.

या मुदती तरी पाळल्या जातात का? इथेही देश एकमताने चालत नाही. मुदती बंधनकारक आहेत, चुकल्या तर कारवाई टिकत नाही, असे दिल्ली आणि मद्रास उच्च न्यायालयांनी म्हटले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वेगळी भूमिका घेतली: मुदती मार्गदर्शक आहेत, उशीर झाला तर त्याची कारणे तपासली जावीत. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे, कारण एखाद्या कारकुनी दिरंगाईमुळे तस्करीत सामील असलेला ब्रोकर सुटू नये. पण परिणाम असा की त्याच विनियमांखाली चेन्नईच्या ब्रोकरला जे संरक्षण मिळते ते मुंबईच्या ब्रोकरला तितके मिळत नाही. देशाच्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा भाग न्हावा शेव्यातून जातो. हा फरक न्यायालयांवर सोडून देण्यापेक्षा मंडळाने स्वतः विनियमातच मिटवायला हवा.

परवाना रद्द झाल्याच्या आदेशाचा शेवट वाचण्यासारखा असतो. त्यात लिहिलेले असते की ब्रोकरने मूळ परवाना आणि त्याखाली दिलेली सगळी एफ, जी आणि एच कार्डे ताबडतोब जमा करावीत. एच कार्ड म्हणजे कोण? बारावी झालेला, उरण, पनवेल, पेण किंवा नवी मुंबईच्या एखाद्या गावातला मुलगा. तो सकाळी सीएफएसच्या, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डाच्या, गेटवर उभा राहतो, कंटेनर एक्झामिनेशनला लावून घेतो, सील तोडताना हजर असतो, अधिकाऱ्याला पेट्या उघडून दाखवतो, आउट ऑफ चार्ज (कस्टम्सची अंतिम परवानगी) झाला की डिलिव्हरीच्या मागे लागतो. उन्हात, पावसात, रात्री-अपरात्री. परीक्षा देऊन जी कार्ड मिळवले की तो कागदांवर सही करू लागतो, आणि तिथून वर चढत स्वतःचा परवाना काढण्याचे स्वप्न पाहतो. रायगडच्या बऱ्याच घरांनी, जमीन बंदरासाठी गेल्यावर, याच पायऱ्यांवर भरवसा ठेवला. मालकाच्या परवान्यावर आदेश आला की या मुलाचे कार्डही जाते. त्याची चूक होती का, हे त्याला कुणी विचारत नाही. त्याला दुसऱ्या ब्रोकरकडे नव्याने कार्ड काढावे लागते, आणि ज्या फर्मचा परवाना गेला तिथे तो होता, हे त्याच्या मागे लागते.

म्हणून सुधारणा करायची तर ती खालपासून केली पाहिजे. चौकशीत ज्या कर्मचाऱ्याचे नावच नाही त्याचे कार्ड परवान्याबरोबर आपोआप बुडू नये; त्याला नव्या फर्ममध्ये लगेच वर्ग होता यावे. दंड आणि परवाना रद्द या दोन टोकांमध्ये मुदतबंदीची आणि सक्तीच्या प्रशिक्षणाची पायरी घालावी. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच एका प्रकरणात शिक्षा अपराधाच्या प्रमाणात हवी म्हणून परवाना रद्द करण्याचा आदेश बाजूला ठेवला होता. तिथे जी कार्डांचा गैरवापर करून दुसऱ्यांनी अमली पदार्थ बाहेर पाठवले होते आणि ब्रोकरला त्याची माहिती असल्याचे दिसत नव्हते. प्रमाणाचा विचार प्रत्येक वेळी न्यायालयापर्यंत जाऊन मिळवावा लागू नये. फॉरवर्डरकडून काम येत असेल तर मूळ ग्राहकाशी ब्रोकरचा थेट, नोंदवलेला संपर्क झाल्याशिवाय बिल भरता येऊ नये. आजच्या संगणकी व्यवस्थेत ग्राहकाच्या स्वतःच्या लॉगिनवरून दिलेले अधिकारपत्र मागणे अवघड नाही. ब्रोकरांच्या संघटना याला सुरुवातीला विरोध करतील, कारण कामाचा वेग कमी होईल. पण परवाना वाचवणारा यापेक्षा भक्कम पुरावा त्यांच्या हाती दुसरा असणार नाही.

प्रशिक्षणाचे तास ठरवताना मंडळाने मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलातल्या परिषदांवर विसंबू नये. नासीनने ऑनलाइन वर्ग चालवावेत, नवी अधिसूचना आली की आठवड्याच्या आत तिचे उदाहरणासह स्पष्टीकरण द्यावे, आणि न्हावा शेव्याच्या एच कार्डवाल्या मुलांसाठी ते मराठीतही असावे. अमली पदार्थांचा माल कसा लपवला जातो, कोणत्या कागदावर शंका घ्यायची, कुणाला कळवायचे, हे सगळ्यात आधी त्यांनाच कळले पाहिजे, कारण पेटी उघडताना तिथे तेच उभे असतात.

आणि १० (एन). कमी जोखमीच्या जुन्या ग्राहकासाठी कोणते कागद पुरेत, नव्या ग्राहकासाठी कोणते वाढीव, कोणत्या मालासाठी किंवा किती रकमेच्या परताव्यासाठी जागेची प्रत्यक्ष पाहणी हवी, आणि ती केल्याचा कोणता पुरावा खाते मान्य करील, हे त्या कलमाखाली परिशिष्ट जोडून लिहिता येते. तेवढे केले असेल तर त्या एका मुद्द्यावर ब्रोकरला दोषी धरू नये, हेही त्यातच लिहावे. यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. कलम १४६ ने विनियम करण्याचा अधिकार मंडळालाच दिला आहे, आणि २०२१ मध्ये परवाना तहहयात केला तोही अशाच एका अधिसूचनेने.